फोनवरची जर्मन आणि परीक्षेतला कोरा कागद

जर्मनीला जाण्याची तयारी करणारी मराठी मुलेमुली गेल्या काही वर्षांत वाढली आहेत आणि त्याला कारणेही तशीच आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांना वर्षाकाठी द्यायच्या व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशा कामांसाठी माणसे हवी आहेत, ही बातमी घरोघरी पोहोचली. एके काळी जर्मन शिकायची तर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवन गाठावे लागे. आज निर्णय झाला की त्याच संध्याकाळी फोनवर एक ॲप उतरवले जाते आणि घरातले सगळे म्हणू लागतात, पोरगी जर्मन शिकते आहे.

या शेवटच्या वाक्याबद्दल मला काळजी वाटते. ॲप वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण फोनवर जे घडते त्यालाच भाषा येणे समजून लोक हातातली नोकरी सोडतात, एजंटाला पैसे भरतात, सोने गहाण टाकतात. फोन आणि संगणक यांवर शिकण्यात फरक पडद्याच्या लांबीरुंदीचा आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात पडद्याच्या आकारावरून सरावाचा प्रकार ठरतो आणि सरावाच्या प्रकारावरून काय येणार, काय राहणार हे ठरते.

एक साधे वाक्य घेऊ. ‘मी उद्या डॉक्टरांकडे जाते.’ जर्मनमध्ये ते ‘इश गेहं मोर्गन त्सुम आर्त्स्ट’ असे होईल. फोनवर वरच्या बाजूला इंग्रजी वाक्य दिसते आणि खाली शब्दांच्या सुट्या चौकटी मांडलेल्या असतात. हवे ते पाच शब्द आणि फसवायला दोन-तीन जादा. अंगठ्याने एकेक चौकट दाबत वाक्य जुळवायचे. बरोबर आले की हिरवी पट्टी, टाळीसारखा आवाज, पुढचा प्रश्न. सगळा कारभार दहा सेकंदांचा.

आता या वाक्यातली मेख कुठे आहे? ती ‘त्सुम’ या एका शब्दात आहे. डॉक्टर या अर्थाचा शब्द पुल्लिंगी आहे हे माहीत हवे. ‘त्सु’ या अव्ययामागून येणारे नाम चतुर्थीत जाते हे आठवायला हवे. चतुर्थीत पुल्लिंगी नामाआधीच्या ‘डेअर’ या उपपदाचे ‘डेम’ होते आणि ‘त्सु’ व ‘डेम’ एकत्र येऊन ‘त्सुम’ होतो, हेही जमायला हवे. म्हणजे बोलणाऱ्याने एका क्षणात तीन निर्णय घ्यायचे आहेत. चौकटींच्या सरावात हे तिन्ही निर्णय आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेले असतात. ‘त्सुम’ची चौकट एकच असते, ती दाबायची. हेच वाक्य संगणकावर रिकाम्या चौकोनात कळफलकाने लिहायला सांगितले की मुलगी अडते. ‘त्सु डेअर’ लिहिते, खोडते, लिंग आठवत नाही म्हणून वही उघडते, पुन्हा लिहिते. या अडण्यातच ती जर्मन शिकत असते. हिरवी पट्टी उशिरा येते, पण जी येते ती तिच्या कमाईची असते.

ओळखणे आणि आठवून मांडणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. कोणी सत्तावीसचा पाढा म्हणत असताना चूक पकडता येणे वेगळे आणि तो स्वतः म्हणता येणे वेगळे. मानसशास्त्रात याचा अभ्यास जुना आहे. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ मध्ये दाखवले की नुसता वाचलेला शब्द जेवढा लक्षात राहतो त्यापेक्षा स्वतः तयार केलेला शब्द जास्त लक्षात राहतो. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधला प्रयोग आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला हे लक्षात राहील याचा भरवसा मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. सोप्या सरावाने आत्मविश्वास वाढतो आणि तो आत्मविश्वास खोटा असू शकतो, हा त्या प्रयोगाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोनवर रोज दहा मिनिटे हिरव्या पट्ट्या पाहणाऱ्या मुलीला आपली जर्मन चांगली चालली आहे असे वाटते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिला खरोखरच तसे वाटत असते.

ॲपच्या बाजूने एक पुरावा नेहमी दिला जातो आणि तो कुठून आला हे बघण्यासारखे आहे. ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारे ॲप २०१२ च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुले झाले तेव्हा ते संकेतस्थळ होते. त्याच वर्षी रूमेन व्हेसेलिनोव्ह आणि जॉन ग्रेगो या दोन संख्याशास्त्रज्ञांनी, कंपनीच्याच पैशातून, एक पाहणी केली. स्पॅनिश शिकणाऱ्यांना त्यावर सरासरी ३४ तासांत अमेरिकन विद्यापीठातल्या पहिल्या सत्राइतके येते, असा निष्कर्ष निघाला. हा ३४ चा आकडा पुढे जगभर फिरला. पण ती पाहणी झाली त्या वर्षाच्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात आणि आयफोनवरचे ॲप आले नोव्हेंबरमध्ये. अँड्रॉइडवर यायला २०१३ उजाडले. म्हणजे ज्यांच्यावरून हा आकडा काढला ती माणसे मुख्यतः संगणकापुढे बसून, कळफलकावर वाक्ये लिहून शिकत होती. शिवाय ज्या चाचणीने त्यांचे स्पॅनिश मोजले ती पर्यायांतून उत्तर निवडण्याची होती. तिच्यात बोलणे नव्हते, निबंध नव्हता. संगणकावर मिळवलेली प्रतिष्ठा अशी फोनच्या नावावर चढली आणि मधल्या काळात सरावाचे रूप बदलले याची नोंद कोणी फारशी घेतली नाही.

ते रूप का बदलले, हेही समजून घ्यायला हवे. छोट्या पडद्यावर दोन अंगठ्यांनी लांब वाक्य लिहिणे कंटाळवाणे असते, त्यातही परक्या भाषेत. कंटाळलेला माणूस ॲप बंद करतो. आणि अशा कंपन्यांचा धंदा रोज किती माणसे परत येतात यावर मोजला जातो. भागधारकांपुढे मांडल्या जाणाऱ्या आकड्यांत रोजच्या वापरकर्त्यांची संख्या ठळकपणे असते. त्यांतल्या कितीजणांना दुकानात जाऊन तक्रार करता येऊ लागली हा आकडा तिथे नसतो. तेव्हा टंकलेखन मागे पडून चौकटी पुढे आल्या यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. जो सराव माणसाला अडवतो तो फोनवर टिकत नाही, एवढे साधे कारण पुरते. सलग किती दिवस आलात याची मालिका, ती तुटू नये म्हणून येणाऱ्या सूचना, आठवड्याची गुणतक्ता-शर्यत, हे सगळे त्याच कारणातून आले. मालिका जपण्यासाठी रात्री अकराला सर्वांत सोपा जुना धडा उरकून टाकणारी मुले मी वर्गात नेहमी बघतो. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्यापुढे जे ध्येय ठेवले आहे ते ती पुरे करत आहेत.

माणसाला मोकळीक दिली तर तो काय निवडतो? जपानमध्ये वासेदा विद्यापीठातले ग्लेन स्टॉकवेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. इंग्रजी शिकणाऱ्या १७५ विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाचे स्वाध्याय फोनवर किंवा संगणकावर, हवे तिथे करायची मुभा होती. बहुसंख्यांनी संगणक निवडला. फोनवर तोच स्वाध्याय पुरा करायला जास्त वेळ लागे, गुणांत मात्र फार फरक पडत नसे. ते फोन बटणांचे होते, आजचे नव्हते, हे मान्य करावे लागेल. पण त्या अभ्यासात दोन्हीकडे स्वाध्याय एकच होता आणि म्हणून गुणही जवळपास सारखे आले. यंत्र बदलले तरी काम तेच ठेवले तर नुकसान वेळेचे होते. आज यंत्राबरोबर कामच हलके केले जाते आणि त्याचे नुकसान परीक्षेपर्यंत दिसत नाही.

परीक्षेत काय लागते ते बघा. मॅक्सम्युलर भवन ज्या संस्थेचे आहे त्या ग्योटं इन्स्टिट्यूटच्या, मध्यम पातळीच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येक भाग शंभर गुणांचा, उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात साठ हवेत. लेखनाला एक तास मिळतो. त्यात मित्राला साधारण ऐंशी शब्दांची ई-मेल, एखाद्या विषयावर तेवढेच मत आणि शिक्षकांना किंवा कार्यालयात पाठवायचा चाळीसेक शब्दांचा औपचारिक मजकूर, असे तीन प्रश्न. समोर कोरा कागद. चौकटी नाहीत, जादा शब्द नाहीत, पहिले अक्षर सुचवणारे कोणी नाही. परिचारिकेला तिच्या कामासाठी साधारणपणे याच्याही वरची बी-२ पातळी लागते. रुग्णाच्या नोंदी लिहिणे, रात्रपाळीतून दिवसपाळीला माहिती देणे हे तिचे रोजचे काम असते आणि तिथली चूक गुण कापून थांबत नाही.

वेळेचाही हिशेब करू. बी-१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात असा ग्योटं इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. रोज दहा मिनिटे, एकही दिवस न चुकवता, वर्षभर फोनवर सराव केला तर त्याच्या ८१ तासिका होतात. म्हणजे कमीत कमी ३५० धरल्या तरी चार वर्षांहून जास्त काळ गेला आणि तोही प्रत्येक मिनिट वर्गातल्या मिनिटाइतके कसाचे होते असे मानून. ‘रोज फक्त दहा मिनिटे’ ही जाहिरात वाचून सहा महिन्यांनी परीक्षा द्यायला निघालेल्या मुलांना हा भागाकार कोणी करून दाखवत नाही.

फोनचा आणखी एक धोका बारीक आहे आणि तो ॲपच्या बाहेर, कळफलकातच बसलेला आहे. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर कॅपिटल लिहावे लागते. काही स्वरांवर दोन टिंबे येतात आणि ती विसरली तर शब्द बदलतो. फोनचा जर्मन कळफलक हे सगळे स्वतःहून दुरुस्त करतो. मुलगी छोट्या अक्षरात नाम लिहिते, पडद्यावर ते मोठे होऊन येते. टिंबे विसरते, ती आपोआप लागतात. पुढचा शब्द कोणता हेही तीन पर्यायांसह वर सुचवले जाते. तिने शिक्षकाला पाठवलेला परिच्छेद जवळजवळ निर्दोष असतो आणि हातात पेन दिले की त्याच परिच्छेदात ओळीओळीला चुका निघतात. मराठीतही हे दिसते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ज्यांची घरची भाषा मराठी नाही अशी अनेक मुले फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि देवनागरी शब्द फोन पुरवतो. पहिली वेलांटी की दुसरी, न की ण, हे त्यांनी कधी ठरवलेलेच नसते. त्यांचे संदेश शुद्ध असतात, वह्या नसतात.

संगणकावर हे धोके नाहीत असे नाही. तिथेही दुरुस्ती सुचवली जाते, शेजारच्या खिडकीत भाषांतराचे यंत्र उघडे असते आणि आता तर सगळा निबंधच लिहून देणारी साधने हाताशी आहेत. पण संगणकाला एक जागा लागते. माणूस त्याच्यापुढे बसतो. एका बाजूला उतारा, दुसरीकडे शब्दकोश, मध्ये आपले लिखाण असे तिन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवता येते. शब्दकोशात एका शब्दाखाली दहा अर्थ आणि वीस उदाहरणे असतात, ती मोठ्या पडद्यावर वाचली जातात. फोनवर शब्द दाबला की एकच अर्थ वर येतो आणि तोच डोक्यात बसतो. लांब वाचनासाठी तर मी संगणकाचीही शिफारस करणार नाही. २०१८ मध्ये पाब्लो देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत सहभागी झालेले लोक १ लाख ७० हजारांहून अधिक होते. माहितीपर मजकूर आणि वेळेचे बंधन असेल तेव्हा पडद्यापेक्षा कागदावर वाचलेले अधिक चांगले समजते, असे त्यांना आढळले. बी-१ च्या वाचनाच्या भागाला ६५ मिनिटे असतात. वेळेचे बंधन आणि माहितीपर मजकूर, दोन्ही तिथे आहेत.

फोनला त्याचे श्रेय द्यायलाच हवे. कानासाठी त्याच्यासारखे साधन नाही. डॉइश वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लोकलमध्ये, एसटीत, स्वयंपाक करता करता ऐकता येतात आणि ‘निकोस वेग’ ही त्यांची चित्रमालिका फुकट बघता येते. स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून परत ऐकणे, ते शिक्षकाला पाठवणे, दूरच्या मैत्रिणीशी रोज पाच मिनिटे जर्मनमध्येच बोलायचे असे ठरवणे, हे पंचवीस वर्षांपूर्वी शिकणाऱ्यांना स्वप्नातही मिळाले नसते. जे काम कान आणि तोंड करतात ते फोनवर उत्तम होते. फोनला हातांचे काम करायला लावले आणि हातांना चौकटी दाबण्यापुरते ठेवले, तिथे गणित बिघडले.

आता खरी अडचण. संगणक घ्या असे सांगणे सोपे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात सुमारे ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरात सुमारे २३.४ टक्के. त्यानंतर फोन घराघरांत पोहोचले, पण लॅपटॉप आजही कित्येक घरांना परवडत नाही. म्हणजे ज्या मुलाकडे घरी लॅपटॉप आणि शिकवणीला पैसे आहेत तो दोन्ही साधने वापरतो आणि ज्या मुलीच्या हातात भावाबरोबर वाटून घेतलेला एकच फोन आहे ती चौकटी दाबत राहते. परीक्षेचे शुल्क दोघांनाही तेवढेच असते. नापास झाल्यावर पुन्हा भरायची ताकद मात्र सारखी नसते. फोनमुळे भाषा सर्वांना खुली झाली असे आपण म्हणतो तेव्हा हा फरक झाकला जातो. दार खुले झाले हे खरे, पण आतल्या जिन्याच्या पायऱ्या फार थोड्यांच्याच वाट्याला आल्या.

यावर उपाय महागच असतो असे नाही. त्याच ॲपमध्ये चौकटींऐवजी कळफलक निवडायची सोय बहुधा असते, ती वापरावी. दुरुस्ती आणि शब्द सुचवणे फोनच्या सेटिंगमधून बंद करता येते. काही शे रुपयांत मिळणारा बाहेरचा कळफलक फोनला जोडता येतो. रोजच्या ॲपच्या दहा मिनिटांनंतर तेच धडे बंद करून वहीत पाच वाक्ये आठवून लिहिली तर फोनच्या शिकवण्याचा खरा उपयोग होतो. वही कोणालाही परवडते. जर्मनची लिंगे आणि विभक्ती मराठी माणसाला परक्या नाहीत, आपल्या भाषेत तीन लिंगे आहेत आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी नेण्याची सवयही आहे. इंग्रजीतून शिकवणारे ॲप या जमेच्या बाजूला हातच लावत नाही. मराठी शिक्षक लावू शकतो.

शिक्षकाशिवाय हे जमणार नाही आणि इथे शासनाची जबाबदारी सुरू होते. परदेशी सरकारशी करार करून मुलांना तयारीला लावायचे असेल, तर प्रशिक्षण केंद्रात मुलांची नोंदणी किती झाली यापेक्षा दुसरे आकडे जाहीर व्हायला हवेत. दर विद्यार्थ्यामागे प्रत्यक्ष तासिका किती झाल्या, हाताने किंवा कळफलकावर लिहिलेले किती परिच्छेद लाल शाईने तपासून परत मिळाले, जर्मन बोलणाऱ्या माणसाबरोबर किती वेळ बोलायला मिळाले आणि बी-१ च्या चारही भागांत किती जण पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. तालुक्याच्या गावांत अभ्यासिका आहेत, शाळांमध्ये संगणक कक्ष आहेत, त्यांतले कित्येक दुपारी चारनंतर कुलपात असतात. ते संध्याकाळी उघडे ठेवायला नव्या कराराची गरज नाही. खासगी क्लासवाल्यांनाही पालकांनी हेच विचारावे. ‘आमचे स्वतःचे ॲप आहे’ असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न असा असावा: मुलीने लिहिलेले पान तुमच्याकडे कोण वाचतो, आणि ते तिला किती दिवसांत परत मिळते?